दोष कुणाचाच नाही, तपासणी मात्र दोघांची

(मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव येथे विवाहित जोडप्यांच्या मेळाव्यात आरोग्य शिक्षकांनी केलेले भाषण)



शेतातली कामं बाजूला ठेवून आपण जोडीनं इथं आलात, याबद्दल आरोग्य विभागाच्या वतीनं मी आपले आभार मानतो.

कुटुंब कल्याणाचा कार्यक्रम म्हटला की लोकांना वाटतं, आता हे तांबीचं, निरोधचं आणि नसबंदीचं सांगणार. ते तर सांगायचंच आहे. पण आज मी अशा एका विषयावर बोलणार आहे, जो चावडीवर निघत नाही, पाणवठ्यावर निघत नाही आणि पुष्कळ घरांत नवरा-बायकोतसुद्धा निघत नाही. तो विषय म्हणजे पुरुषाच्या लिंगाला ताठरता न येणं, किंवा आलेली न टिकणं. गावात याला कुणी कमजोरी म्हणतं, कुणी नामर्दपणा म्हणतं. डॉक्टरांच्या भाषेत हा एक विकार आहे आणि बऱ्याच वेळा त्यावर उपाय आहे.

तुम्ही म्हणाल, कुटुंब कल्याणवाल्यांना याच्याशी काय करायचंय? याची तीन कारणं आहेत. पहिलं, नसबंदी केली की माणूस नामर्द होतो, या भीतीपायी पुरुष मागं राहतात आणि सगळा भार बायकांवर पडतो. दुसरं, संबंध नीट होत नाहीत म्हणून मूल होत नाही आणि बोल मात्र सुनेला लागतो. तिसरं कारण सगळ्यात मोठं. ताठरता जाणं हे पुष्कळदा शरीरातल्या दुसऱ्या आजाराचं पहिलं लक्षण असतं. लाजेपायी ते लपवलं, की तो आजारही लपतो आणि आतल्या आत वाढतो.

भगिनींनी मान खाली घालू नये. हा विषय जेवढा मालकांचा, तेवढाच तुमचा आहे.

बोलायला लाज कसली?

या विषयावर उघड बोलणं आपल्या महाराष्ट्राला नवं नाही. प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा दवाखाना काढला. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक सुरू केलं आणि १९५३ साली स्वर्गवासी होईपर्यंत चालवलं. लोक त्यांना पत्र लिहून आपल्या खाजगी अडचणी विचारत आणि ते मासिकातून शास्त्राला धरून उत्तर देत. त्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात स्वतः डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, पण त्यांनी मासिक बंद केलं नाही. पुढं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर प्रकाश कोठारी यांनी लैंगिक विकारांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. शिकल्यासवरलेल्या थोर माणसांनी एवढं सोसून ज्या गोष्टी आपल्यापुढं ठेवल्या, त्या दवाखान्यात चार शब्दांत सांगायला आपण का लाजावं?

ताठरता येते कशी?

आधी शरीरात काय घडतं ते समजून घेऊ. विहिरीवरची मोटार डोळ्यांपुढं आणा. स्टार्टर दाबला, तारेतून वीज आली, मोटार फिरली, पाइपातून पाणी वर चढलं. खाली फुटव्हॉल्व्ह चांगला असेल तर चढलेलं पाणी पाइपात टिकतं.

पुरुषाचंही असंच आहे. मनात इच्छा आली, हा झाला स्टार्टर. मेंदूपासून पाठीच्या कण्यातून नसा खाली जातात, या झाल्या तारा. नसांचा निरोप पोचला की तिथं नायट्रिक ऑक्साइड नावाचं द्रव्य तयार होतं. त्यानं लिंगातले स्नायू सैल पडतात, रक्तवाहिन्या रुंद होतात आणि रक्त भरतं. रक्त भरलं की परत जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त आत टिकून राहतं. हा झाला फुटव्हॉल्व्ह. आणि या सगळ्या कामाला लागणारा दाब, म्हणजे आपलं व्होल्टेज, ते हार्मोनकडून मिळतं.

आता शेतात पाणी आलं नाही, तर शहाणा शेतकरी काय करतो? विहिरीला शिव्या देत नाही, बायकोला मारत नाही, की अंगारा लावत नाही. तो स्टार्टर बघतो, तार बघतो, व्होल्टेज बघतो, पाइप बघतो. या विकाराचंही तसंच आहे. बिघाड कुठं आहे ते बघायचं आणि तो दुरुस्त करायचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. दिवसभर ऊस तोडून अंग मोडलंय, डोक्यावर कर्ज आहे, घरात आजारपण आहे, अशा वेळी एखाद्या रात्री ताठरता आली नाही, तर तो आजार नव्हे. तसं कुणालाही होतं. पण ही तक्रार तीन महिने किंवा जास्त दिवस चालू राहिली, तर तपासून घ्यावं. आणखी एक खूण आहे. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येत असेल आणि बायकोजवळ येत नसेल, तर बहुधा मनावरचा ताण असतो. पहाटेही येत नसेल आणि त्रास हळूहळू वाढत गेला असेल, तर बिघाड शरीरात असण्याचा संभव जास्त. पण हा फक्त अंदाज आहे, निदान डॉक्टरच करतील.

वय वाढेल तसा हा त्रास वाढतो. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यात पुरुषांची एक मोठी पाहणी झाली. ती १९९४ साली प्रसिद्ध झाली. त्यात ४० ते ७० वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्क्यांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास आढळला. म्हणजे दोघांत एक! तेव्हा आपल्यालाच हे झालंय असं समजून कुणी खचून जाऊ नये.

हार्मोनचा बिघाड

आता व्होल्टेजकडं वळू. आपल्या शरीरात लहान लहान ग्रंथी असतात. त्या रक्तात जे रस सोडतात, त्यांना हार्मोन किंवा संप्रेरकं म्हणतात.

पुरुषाचं मुख्य हार्मोन म्हणजे टेस्टोस्टेरॉन. ते मुख्यतः वृषणांत, म्हणजे अंडकोषातल्या गोळ्यांत तयार होतं. मिसरूड फुटणं, आवाज फुटणं, इच्छा होणं ही सगळी त्याची कामं. ते किती तयार करायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी देते. हे हार्मोन कमी पडलं की इच्छा कमी होते, थकवा येतो, दाढी विरळ होते. वयामुळं ते थोडं उतरतंच, पण पोट सुटलं, दारूनं यकृत बिघडलं, किंवा वृषणांना इजा झाली, तर ते फार लवकर उतरतं. याची रक्ततपासणी सकाळी करावी लागते, कारण सकाळी हे हार्मोन सगळ्यात जास्त असतं. एकदा कमी आलं म्हणून लगेच इलाज सुरू करत नाहीत, दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात.

दुसरं हार्मोन प्रोलॅक्टिन. बाळंतिणीला दूध येतं ते याच्यामुळं. पुरुषातही ते थोडं असतं. पीयूषिका ग्रंथीवर लहानशी गाठ झाली की ते फार वाढतं आणि टेस्टोस्टेरॉन दबतं. डोकं दुखणं आणि दोन्ही बाजूंचं कमी दिसायला लागणं, ही त्या गाठीची लक्षणं असू शकतात. गाठ म्हटल्यावर घाबरू नका. यातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात आणि पुष्कळ रोग्यांत नुसत्या गोळ्यांनी आटोक्यात येतात. मानसिक आजाराच्या आणि उलटी थांबवण्याच्या काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढतं. पण म्हणून औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही. डॉक्टरांना सांगायचं, ते बदलून देतील.

तिसरी थायरॉईड ग्रंथी, गळ्यातली. ती मंदावली तरी त्रास होतो, फार जोरात चालली तरी होतो. मंदावली तर अंग जड होतं, थंडी वाजते, वजन वाढतं. जोरात चालली तर छातीत धडधडतं, हात कापतात, वजन उतरतं. बायकांत हा विकार जास्त, म्हणून पुरुष तो आपला समजतच नाहीत. रक्ताच्या एका तपासणीत तो कळतो.

आणि चौथा सगळ्यांचा बाप, मधुमेह. इन्शुलिन हेही एक हार्मोनच आहे. ते कमी पडलं किंवा त्याचा उपयोग होईनासा झाला की रक्तात साखर साठते. ही साखर वर्षानुवर्षं नसा पोखरते आणि रक्तवाहिन्या खराब करते. म्हणजे तारही जाते आणि पाइपही जातो! मधुमेह असलेल्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांना ताठरतेची तक्रार असते आणि ती इतरांपेक्षा बरीच वर्षं आधी सुरू होते. कित्येकांना आपल्याला साखर आहे हे या तक्रारीमुळंच पहिल्यांदा कळतं.

इथं हृदयाचंही सांगतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. रक्तवाहिन्यांत चरबीचा थर बसू लागला की बारीक पाइप आधी चोंदतो. म्हणून ताठरतेची तक्रार कधी कधी हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसते. चाळिशीच्या माणसाला शरीरानं दिलेली ही आगाऊ सूचना आहे. तंबाखू, बिडी आणि गुटखा याच रक्तवाहिन्या आवळतात, हेही ध्यानात ठेवा.

राखणदार मालकावरच उलटला तर?

आपल्या शरीरात रोगप्रतिकारशक्ती असते. ती शरीराची राखणदार. रोगजंतू शिरला की ती त्याला मारते. पण कधी कधी हा राखणदार आपला-परका ओळखत नाही आणि घरातल्यालाच काठी हाणतो.

पोरवयात किंवा तरुणपणी होणारा एक मधुमेह असाच होतो. प्रतिकारशक्ती इन्शुलिन करणाऱ्या पेशीच मारून टाकते. अशा माणसाला आयुष्यभर इन्शुलिनचं इंजेक्शन लागतं. ते वेळेवर घेतलं आणि साखर ताब्यात ठेवली, तर तो लग्न करतो, त्याला मुलं होतात, तो चांगला संसार करतो. इंजेक्शनची लाज धरली, तर नसा लवकर जातात. थायरॉईड मंदावण्याचंही एक मोठं कारण हेच आहे. प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवर हल्ला करते. सांध्यांना सूज आणणारा संधिवात आणि सोरायसिस नावाचा त्वचारोग यांतही शरीरात सतत दाह चालू असतो. त्या दाहानं रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, म्हणून अशा रोग्यांना ताठरतेची तक्रार जास्त आढळते.

कुष्ठरोगाचंही सांगायला हवं. आपल्या महाराष्ट्रात बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं, ते याच रोग्यांसाठी. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात जंतू वृषणांत शिरतात. शिवाय काही रोग्यांत प्रतिकारशक्ती एकदम खवळते, ताप येतो, अंगावर दुखऱ्या गाठी उठतात आणि वृषणं सुजतात. यामुळं पुढं टेस्टोस्टेरॉन कमी पडू शकतं. म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसला की लगेच दवाखान्यात जावं. कुष्ठरोगाचं औषध शासनाकडून मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. लवकर आलात तर बोटं वाचतात, डोळे वाचतात आणि संसारही वाचतो.

बियाण्यातला फरक

काही गोष्टी आई-बापाकडून रक्तात येतात. काही आईच्या पोटात गर्भ धरतानाच ठरतात. बियाण्यात जसा गुण असतो तसा.

माणसाच्या पेशीत साधारणपणे ४६ गुणसूत्रं असतात. मुलात एक्स आणि वाय अशी जोडी असते. पण साधारण ५०० ते १,००० मुलग्यांमागं एका मुलात एक एक्स जास्त येतो. क्लाइनफेल्टर या अमेरिकन डॉक्टरांनी १९४२ साली या विकाराचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव त्याला पडलं. हा मुलगा बहुधा उंच होतो, वृषणं मात्र लहान आणि घट्ट राहतात, दाढी विरळ येते, कधी छाती वाढते. टेस्टोस्टेरॉन कमी पडतं आणि वीर्यात शुक्रजंतू बहुतेक नसतातच. कित्येकांना संबंध ठेवता येतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. मूल होत नाही एवढंच दिसतं आणि बोल सुनेला लागतो. तिला देव-देव करायला लावतात, दुसरी बायको आणायच्या गोष्टी निघतात. दुसरी आणली तरी मूल कुठून होणार? एक वीर्यतपासणी आणि एक रक्ततपासणी केली असती, तर एका बाईचं आयुष्य वाया गेलं नसतं.

दुसऱ्या एका विकारात मुलाला वासच येत नाही आणि सोळा-सतराव्या वर्षीही मिसरूड फुटत नाही. मेंदूकडून वृषणांना हुकूमच येत नाही, त्याचा हा परिणाम. यावर हार्मोनची इंजेक्शनं आहेत आणि ती चांगली लागू पडतात. असा मुलगा घरात असेल तर 'लग्न केलं की होईल नीट' म्हणून बोहल्यावर उभा करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

विदर्भात आणि नंदुरबारकडं सिकलसेल नावाचा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. कामाधंद्यासाठी लोक जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरतात, म्हणून इथंही माहीत असावं. या आजारात कधी कधी ताठरता येते आणि दुखत राहते, उतरतच नाही. चार तास झाले तरी उतरली नाही, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावं. उशीर झाला तर आतली जागा मरते आणि ताठरता कायमची जाते.

पण असे विकार थोडे. जास्त लोकांना लागू पडतं ते मधुमेहाचं वळण. ते घराण्यात चालत येतं आणि आपल्या लोकांत ते अंगकाठीवरून ओळखू येत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं एक नामी उदाहरण २००४ साली जगापुढं ठेवलं. ते स्वतः आणि त्यांचे इंग्लंडचे मित्र डॉक्टर यूडकिन, या दोघांच्या उंची-वजनाचा मेळ अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे दिसायला सडपातळ, पण आत चरबी. म्हणून 'मी काटक माणूस, मला कशाची साखर?' असं कुणी म्हणू नये. आई-वडिलांना मधुमेह असेल तर तिशी झाली की तपासणी करून घ्यावी.

खुद्द ताठरतेचा गुण-अवगुणही थोडा जनुकांवर अवलंबून असतो. अमेरिकेत हजारो पुरुषांच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि २०१८ साली सहाव्या गुणसूत्रावर अशी एक जागा सापडली, जिथल्या बदलामुळं या विकाराचा धोका थोडा वाढतो. धोका वाढतो म्हणजे विकार होतोच असं नाही. बियाणं कसंही असो, मशागत आपल्या हातात असते.

नसबंदीनं असं होतं का?

आता ज्या शंकेसाठी पुष्कळजण आलेत, तिच्याकडं येतो.

नसबंदीत काय करतात? वृषणातून शुक्रजंतू वर नेणारी एक बारीक नळी दोन्ही बाजूंना असते. ती तोडून बंद करतात. बास, एवढंच. ताठरतेच्या नसा वेगळ्या, रक्तवाहिन्या वेगळ्या. त्यांना हात लागत नाही. टेस्टोस्टेरॉन त्या नळीतून जातच नाही, ते वृषणातून सरळ रक्तात मिसळतं. ते पहिल्यासारखंच तयार होत राहतं. वीर्यही पहिल्यासारखं येतं, कारण वीर्यात शुक्रजंतूंचा भाग अगदी थोडा असतो.

जाणती माणसं विचारतात, अडलेल्या शुक्रजंतूंचं काय होतं? ते शरीरातच विरघळतात. ते विरताना आपला राखणदार त्यांना परका समजतो आणि निम्म्याहून जास्त पुरुषांच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. हे मी लपवून ठेवणार नाही. १९७० नंतरच्या दशकात माकडांवर प्रयोग करणाऱ्या काही शास्त्रज्ञांना शंका आली, की यामुळं रक्तवाहिन्या कडक होत असतील. मग नसबंदी केलेल्या हजारो माणसांवर कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. ती शंका खरी ठरली नाही. या प्रतिद्रव्यांनी ताठरता जात नाही, इच्छा जात नाही, ताकद जात नाही.

मग भीती आली कुठून? त्याला इतिहास आहे. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत देशात नसबंदीसाठी सक्ती झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं होतं, ते अमलात आलं नाही. सक्तीनं केलेलं काम मनाला बोचतं आणि मनाला बोचलं की शरीरही अडतं. आज सक्ती नाही. कुणी धाक दाखवू शकत नाही. निर्णय तुम्ही दोघांनी मिळून, समजून-उमजून घ्यायचा.

आज देशात स्थिती काय आहे? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. आणि पुरुषांची नसबंदी? ०.३ टक्के! बाळंतपण तिनं सोसायचं, पोट तिनंच फाडून घ्यायचं आणि आपण कमजोरीच्या भीतीनं बाजूला राहायचं, हे बरं नव्हे. बिनटाक्याची नसबंदी थोड्या मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. मात्र त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून खात्री करून घ्यायची, हे विसरू नका.

नसबंदीनंतर दोन-चार वर्षांनी कुणाला ताठरतेचा त्रास झालाच, तर नसबंदीवर खापर फोडून घरी बसू नका. तोवर वय चाळिशीकडं गेलेलं असतं. साखर तपासा, रक्तदाब तपासा.

मन आणि शरीर

शरीराचा बिघाड असला तरी मनाची भर त्यात पडतेच. एकदा जमलं नाही की दुसऱ्या वेळी भीती वाटते, भीतीनं पुन्हा जमत नाही. असं चक्र सुरू होतं. अशा वेळी बायकोचा एक शब्द तारतो, एक शब्द मारतो. भगिनींनो, टोमणा मारू नका. त्याचं तुमच्यावरचं मन उडालंय, की बाहेर कुणी आहे, असं एकदम धरून चालू नका. आणि बंधूंनो, आपली लाज झाकायला बायकोवर हात उगारणं, तिच्यावर संशय घेणं, दारूत बुडणं, यानं काहीच दुरुस्त होत नाही. तिला जवळ बसवून सांगा, 'मला असा असा त्रास होतोय, चल, दवाखान्यात जाऊ.' हे म्हणायला खरी हिंमत लागते.

लहानपणी हस्तमैथुन केल्यानं किंवा झोपेत वीर्य गेल्यानं कुणी नामर्द होत नाही. ती भीती मनातून काढून टाका.

तंबूवाले आणि पुड्यावाले

रस्त्याकडेला तंबू ठोकून, भिंतींवर रंगवून, 'खोई हुई ताकद' परत देणारे पुष्कळ आहेत. अशा विकारांवर हमखास इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी त्यांचा धंदा चालतो, कारण गिऱ्हाईक लाजेनं तक्रार करत नाही. जडीबुटीच्या नावाखाली विकलेल्या पुडीत ताठरतेचं आधुनिक औषध न सांगता मिसळलेलं असू शकतं. ते धोक्याचं आहे. सिल्डेनाफिल नावाची गोळी १९९८ पासून जगात वापरात आहे आणि डॉक्टरांनी दिली तर पुष्कळांना चांगला गुण येतो. पण छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या माणसानं ती घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. पुडीत काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि पुडीवाल्याला तुमचं हृदय ठाऊक नसतं.

तरुण पोरांसाठी आणखी एक. तालमीत किंवा जिममध्ये कुणी ताकदीचं म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देतो. बाहेरून हे हार्मोन आलं की मेंदू वृषणांना हुकूम देणं थांबवतो आणि शुक्रजंतू बनणं बंद पडतं. ज्यांना मूल हवंय त्यांनी हे इंजेक्शन घेऊ नये. ज्याला खरोखर लागतं त्याला डॉक्टर देतील.

आता करायचं काय?

१. तक्रार तीन महिने टिकली तर नवरा-बायको जोडीनं दवाखान्यात जा. आधी गावाजवळचं आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. पुढं गरज पडली तर उमरगा, धाराशिव, लातूर किंवा सोलापूरची मोठी रुग्णालयं आहेत.

२. आशाताईशी किंवा आरोग्य सेवकाशी बोलता येतं. बोललेलं बाहेर जाणार नाही याची काळजी घेणं त्यांचं कर्तव्य आहे.

३. साखर, रक्तदाब, वजन आणि कमरेचा घेर तपासून घ्या. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आणि रक्तदाब १४०/९० किंवा जास्त आला, तर पुन्हा तपासून इलाज सुरू करा.

४. डॉक्टरांनी सांगितल्यास सकाळी टेस्टोस्टेरॉन, आणि त्याबरोबर थायरॉईड व प्रोलॅक्टिन तपासा.

५. चालू असलेली सगळी औषधं आणि कागद बरोबर न्या. कुठलंही औषध आपल्या मनानं बंद करू नका.

६. मूल होत नसेल तर तपासणी दोघांची करा. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी आहे, ती आधी करा.

७. तंबाखू, बिडी, गुटखा, दारू सोडा. रोज अर्धा तास चाला. शेतात राबणारानंही चालावं, कारण दिवसभर वाकून काम करणं वेगळं आणि दमदार चालणं वेगळं.

बंधू-भगिनींनो, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही माझी विनंती आहे. सुनेला मूल झालं नाही म्हणून तिला बोल लावण्याआधी मुलाला दवाखान्यात पाठवा. ज्या घरात आजार आजारासारखा बघतात, त्या घरात सून सुखी राहते आणि मुलाचाही जीव वाचतो.

हे पत्रक घरी न्या. दिवसा लाज वाटली तर रात्री दिव्याखाली दोघांनी मिळून वाचा. ज्यांना विचारायचंय त्यांनी कार्यक्रम झाल्यावर एकेकट्यानं किंवा जोडीनं माझ्याकडं यावं, मी इथंच थांबलोय.

नमस्कार. जय हिंद, जय महाराष्ट्र!